ओल्या कपाळांचा नाका

मी ताप पाहणारा कॅमेरा बोलतोय. तुमच्या लग्नात फोटो काढायला येतो तो नव्हे. त्याला हसरे चेहरे दिसतात, भरजरी साड्या दिसतात. मला त्यातलं काही दिसत नाही. माणूस गोरा की काळा, साडी नवी की जुनी, मला कळत नाही. मला फक्त ऊब दिसते. गार असेल ते निळं, कोमट असेल ते नारिंगी आणि फार तापलेलं असेल ते पांढरं. तुम्ही माझ्यासमोरून जाता तेव्हा पडद्यावर तुमच्या आकाराची एक शेकोटी चालत जाते.

ऐकायलाही येतं मला. माझ्या पोटात एक बारीकसा माईक आहे. तो कशासाठी बसवला हे बसवणारेच विसरून गेले, पण त्याच्यामुळे मी बरंच काही ऐकलं. नसतं ऐकलं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

माझा जन्म कारखान्यातला. जन्मल्याबरोबर मला एका तापवलेल्या काळ्या पट्टीसमोर बसवलं आणि तिची उष्णता बरोबर सांगितली तेव्हाच पुढे धाडलं. तिथून मी अकोल्याला आलो, विजेची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे. ते दिवस सुखाचे होते. ट्रान्सफॉर्मर, स्विचबोर्ड, तारांचे जोड यांच्याकडे बघायचं आणि कुठला जोड आतून तापतोय ते दाखवून द्यायचं. तारा सरळ असतात हो. तापलेली तार तापलेलीच दिसते. ती तोंड धूत नाही, डोक्याला दुपट्टा बांधत नाही, ‘काही नाही, ऊन लागलंय’ असं म्हणत नाही. माणसांशी गाठ पडली आणि माझ्या नाकी नऊ आले.

मग कोरोना आला. पहिली लाट मी कपाटात काढली. दुसरी लाट मात्र आमच्या वऱ्हाडातच आधी उसळली. अमरावती-अकोल्याहून आलोय म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकायचे. ठेकेदारानं मला सरकारी कामासाठी देऊन टाकलं. एक तंत्रज्ञ आला. त्यानं माझ्यातली ताप मोजायची सोय चालू केली, पडद्यावर एक चौकट आखली आणि सांगितलं, “कपाळ या चौकटीत आलं पाहिजे. आकडा वर गेला की हा ओरडेल.” तेव्हा फेब्रुवारी होता, सकाळची हवा गार होती. उन्हाळ्याबद्दल त्यानं काही सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मला बसवलं दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, एका तपासणी नाक्यावर. पत्र्याची शेड, रस्त्यात आडवे लावलेले बॅरिकेड, एक कडुनिंब आणि ड्युटीवर कमलाकांत सर. सर अमरावतीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. शाळा बंद होत्या, म्हणून मास्तरांना नाक्यावर उभं केलेलं. सर मनाचे फार चांगले. रांगेत कुणी म्हातारं माणूस दिसलं की स्वतःची खुर्ची उचलून द्यायचे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात वाईट माणूस शोधायला जाल तर एकही सापडायचा नाही.

मार्चपर्यंत सगळं ठीक चाललं. एप्रिल लागला आणि वऱ्हाडातलं ऊन आपल्या रंगात आलं. डांबर मऊ पडायला लागलं. मोटारसायकलवरून आलेला धडधाकट माणूस माझ्यासमोर उभा राहायचा तेव्हा त्याचं कपाळ तव्यासारखं तापलेलं असायचं. मी ओरडायचो. दुसरा यायचा, मी ओरडायचो. दिवसभर माझं ओरडणंच चालायचं. सर बिचारे प्रत्येकाला बाजूला बसवायचे, पुन्हा मोजायचे. रांग वाढायची, माणसं चिडायची, शिव्या मलाही मिळायच्या आणि सरांनाही. एकदा तर एका बाईला उन्हात चक्कर आली आणि सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

नाक्याला लागूनच, दोन बॅरिकेडच्या मधोमध, बेबीताईची बाग होती; तिथून गाडीनं कुठेही जायचं तर नाक्यावरूनच जावं लागायचं. वांगी, टमाटे, पालक आणि एका बाजूला झेंडू. नवरा गेल्यापासून ती एकटीच बाग सांभाळायची. देवळं बंद होती, त्यामुळे झेंडू झाडावरच सुकत होता. बागेतल्याच दोन खोल्यांत ती राहायची आणि तिची एकुलती एक लेक मंजुषा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. तिचे दिवस भरत आले होते.

त्या चक्कर आलेल्या बाईला पाणी पाजून बेबीताई सरांशी भांडायलाच आली.

“काहून ओ मास्तर, या लोकाइले उनात वाळवून राहिले तुमी?”

“मी काय करू ताई? यंत्र ओरडतं. ताप दाखवतं.”

“ताप कायचा? ऊन हाये थे! डोकशावर आग पडून राहिली अन् तुमचं मशीन उनालेच ताप म्हनते.”

खरं सांगतो, ती बरोबर बोलत होती. मला फार बरं वाटलं. माझं दुखणं कुणाला तरी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कडुनिंबाखाली रांजण आणून ठेवले, लांब दांड्याचं ओगराळं ठेवलं आणि पाणपोई सुरू केली. मला ती ‘डोळा’ म्हणायची. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, “आधी तोंड धुवा. दुपट्टा चांगला ओला करून डोकशाले गुंडाळा. घडीभर सावलीत बसा, अन् मंग जा थ्या डोळ्यापाशी.” वऱ्हाडात हे कुणाला शिकवावं लागत नाही. ओला दुपट्टा आणि खिशात कांदा असल्याशिवाय उन्हाळ्यात इथला माणूस घराबाहेर पाऊल टाकत नाही. लोक तोंडावर सपासप पाणी मारायचे, दुपट्टा पिळून बांधायचे आणि माझ्यासमोर येऊन कपाळ उघडं करायचे. कपाळ कसं, तर निळंशार.

माझं ओरडणं एकदम बंद झालं. रांग सरसर पुढे जायला लागली. सरांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी स्वतःच्या हातानं एक फलक रंगवला आणि रांजणांच्या वर टांगला. ‘तोंड धुऊन रांगेत यावे’, असं लोक तो मोठ्यानं वाचायचे.

इथे मी तुम्हाला जरा थांबवतो. मी कातडीवरची ऊब मोजतो, माणसाच्या आतली नाही. कूलरचा वाळा ओला केला की उन्हाची झळ गार होऊन घरात येते, तसंच ओलं कपाळ कोरड्या वाऱ्यात गार पडतं. आत भट्टी पेटलेली असली तरी गार पडतं. तोंड धुण्यानं उन्हाचा खोटा ताप पुसला जात होता, आणि त्याच्याबरोबर खराही. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, कानामागे, मानेवर तो मला स्पष्ट दिसायचा. पण माझी चौकट कपाळावर होती. चौकटीबाहेर मी काय पाहतो हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. त्या दिवसांत माझ्यासमोरून किती पांढरे डोळे गेले! बसमध्ये चढले, माणसांना खेटून बसले, गावोगाव उतरले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एक मोठे साहेब पाहणीला आले. ‘या नाक्यावर ताप सापडतच नाही म्हणता?’ म्हणून खूश झाले. पाणपोईची कल्पना त्यांना एवढी पसंत पडली की बाकीच्या नाक्यांवरही अशीच सोय करा, असं ते जाता जाता सांगून गेले. बेबीताईला त्यांनी हात जोडून नमस्कार केला. ती लाजून रांजणाआड गेली.

दुपारी मंजुषा आईचा डबा घेऊन कुंपणापर्यंत यायची. चालताना ती एक हात कमरेवर ठेवायची. एकदा बेबीताईनं सरांना विचारलं, “मास्तर, थ्या डोळ्याले पुसा ना जरा, नातू हाये का नात?”

सर दचकलेच. “ताई, असं विचारायचंही नसतं! आणि याला पोटातलं काही दिसत नाही.”

“मंग कायचा डोळा थो? इतकुसं काम नाई होत त्याच्यानं!” आणि मायलेकी हसत सुटल्या. सरही हसले. माझा पाणउतारा झाला खरा, पण मला राग आला नाही. मला त्या दोघी जणी आवडायच्या.

मग तो दिवस आला. भर दुपारी नांदगाव पेठकडून कुंदन आला. कुंदन म्हणजे मंजुषाचा नवरा. तिथल्या एका कापड कारखान्यात तो कामाला होता. मोटारसायकल उभी करून तो कडुनिंबाखाली बसला तेव्हाच मी त्याला दुरून पाहिलं. ऊन सगळ्यांनाच बाहेरून तापवतं. हा आतून तापलेला होता. मानेवर, कानामागे, डोळ्यांत पांढरं.

जावई आलेला पाहून बेबीताईची धांदल उडाली. “अव माय! जवाईबापू, एवढ्या उनाचे काहून निंगाले तुमी?”

“मंजुषाले पाहाले आलो, आई. रस्त्यानं डोकं लय ठणकून राहिलं. आंग मोडून आलं. ऊन लागलं वाटते.”

“लागनच ना. बसा, बसा.” तिनं त्याचा दुपट्टा रांजणात बुडवला, पिळला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्याला गुंडाळला. पुन्हा ओला केला, पुन्हा गुंडाळला. जावयाची सेवा करताना तिचा हात कुठे आखडणार? चांगला निवल्यावर तिनं त्याला माझ्यासमोर पाठवलं.

सरांनी पडदा पाहिला. “अरे वा, एकदम थंड! जा, मंजुषा वाट बघत असेल.”

मी ओरडलो नाही. ओरडायचं की नाही हे मी ठरवत नाही, चौकटीतला आकडा ठरवतो. बॅरिकेड बाजूला झालं. कुंदन बागेच्या वाटेनं चालत गेला आणि दारात उभी असलेली मंजुषा दोन पावलं पुढे आली. एवढंच माझ्या नजरेच्या टप्प्यात होतं. मला त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं.

चार-पाच दिवस बेबीताई पाणपोईवर आली नाही. “जवाई उनानं पडले,” असा निरोप आला. मग ती आली. मी तिला पाहिलं आणि चरकलो. ती प्रवासी नव्हती, रोज बागेच्या बाजूनं यायची, त्यामुळे तिला माझ्यासमोर उभं राहायला कुणी कधी सांगितलंच नाही. पण माझ्या पडद्याच्या कडेला ती दिसायची. कालपर्यंत नारिंगी असलेली मान त्या दिवशी पांढरी झाली होती. तशीच ती ओगराळ्यानं पाणी काढत होती, लोकांच्या ओंजळीत ओतत होती, म्हाताऱ्यांच्या डोक्याला दुपट्टे बांधून देत होती. मधूनच खोकत होती.

“ताई, बरं नाही का?” सरांनी विचारलं.

“धूळ उडून राहिली ना. मले काय धाड भरली?”

संध्याकाळी ती कुंपण धरून धरून घरी गेली.

त्यानंतरची सकाळ मला पुसून टाकता आली असती तर मी पुसली असती. बागेकडून एक ऑटो आला. आत मंजुषा होती आणि तिच्या खांद्यावर बेबीताईचं डोकं. कुंदन घरी पडलेला होता. मंजुषा आईला अकोल्याला दवाखान्यात घेऊन निघाली होती. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून ऑटो थांबला. सर धावत आले.

“काय झालं ताईंना?”

“रातभर आंग भाजून राहिलं होतं, सर. मी पट्ट्या ठेवून राहिली सारख्या. दम लागते तिले.”

बेबीताईच्या डोक्याला ओला दुपट्टा होता. लेकीनं निघतानाही तो नव्यानं ओला केला असणार. सरांनी मला त्यांच्याकडे वळवलं, दुपट्टा जरा वर सरकवायला सांगितला आणि पडदा पाहिला. कपाळ निळं होतं. आकडा इतका खाली होता की सरांचा जीव भांड्यात पडला.

“अगं, ताप नाहीये! हे बघ. उतरला ताप.”

“पन सर, थे दम...”

“ऐक माझं. तिकडे एकेका खाटेसाठी रांग लागलीय. ताप नसताना आईला तिथे नेशील आणि तिथूनच आजार घेऊन येशील. तू दोन जिवांची आहेस. आज घरी ठेव, लिंबू-पाणी दे. उद्या वाटलं तर मीच गाडी करून देतो.”

सर मनापासून बोलत होते. मंजुषाला ते पटेना. ती एकदा माझ्याकडे बघायची, एकदा आईकडे. तेव्हा बेबीताईनंच डोळे उघडले.

“चाल माय घरी,” ती म्हणाली. “डोळ्यानं सांगतलं ना, ताप नाई म्हनून. त्याले कळते.”

तिचा माझ्यावर विश्वास होता. ऊन आणि ताप यांतला फरक मला आता कळतो, तो तिच्याच पाण्यामुळे कळतो, असं तिला वाटत होतं. ऑटो वळला. वळताना दुपट्टा घसरला आणि तिची मान, कान, गाल असं सगळं एकदम माझ्यासमोर आलं, पांढरंफटक. मंजुषानं तोच दुपट्टा उचलून स्वतःच्या तोंडावरून फिरवला. तिच्याही डोळ्यांचे कोपरे पांढरे होते.

त्याच रात्री बेबीताई घरातच वारली. ‘उद्या’ म्हटल्याप्रमाणे सर सकाळी गाडी घेऊन आले होते. बागेत जाऊन ते मोकळीच गाडी घेऊन परतले.

पुढे बऱ्याच दिवसांनी अकोल्याच्या बाजूनं कुंदन आला. डोकं भादरलेलं होतं. बेबीताईला मुलगा नव्हता, म्हणून जावयानंच सगळं केलं होतं. सरांनी भीत भीत मंजुषाचं विचारलं.

“अकोल्यात हाये. ऑक्सिजन लावला होता, आता काढला. पोरगी झाली, सर. इतकुशी हाये, काचेच्या पेटीत ठेवली होती.” तो जरा थांबला. “आई गेली त्याच राती मंजुषाले दम लागला. मी वावरातल्या रस्त्यानं नेलं तिले. इथं थांबलोच नाई. डॉक्टर म्हने, घडीभर उशीर झाला असता तं दोघीही गेल्या असत्या.”

माझ्यासमोरून गेली नाही म्हणून ती वाचली. हे ऐकून एखाद्या यंत्राला काय वाटावं? मला लाज नाही वाटली. माझा गुन्हा नव्हता. मला भीती वाटली. कारण सर डोळे पुसत उठले, त्यांनी कुंदनच्या पाठीवरून दुरूनच हात फिरवल्यासारखं केलं आणि गहिवरून म्हणाले, “उन्हाचे आलात. जा, आधी तोंड धुऊन घ्या.” रांजणापाशी आता दुसरंच कुणी उभं होतं.

नाका उठला. मी एका सरकारी कपाटात जाऊन पडलो. माझ्यावर पंखे, बॅनर, फाटक्या सतरंज्या पडल्या. लोक ताप विसरले, मास्क विसरले, मलाही विसरले. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. मला विसरणं म्हणजे तुमचं बरं चाललंय, एवढं मला कळतं.

पण या मे महिन्यात कपाट उघडलं. कुठल्याशा नव्या तापाचं बोलणं माझ्या कानावर पडलं. माझी धूळ झटकली आणि मला एका मोठ्या बसस्थानकाच्या दाराशी बसवलं. बसवणारे जुन्या अनुभवाचे. उन्हात हा उगाच ओरडतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्या अलीकडेच थंड पाण्याचे नळ लावले आणि वर मोठा फलक लावला. फलकावर काय लिहिलंय हे मला दिसत नाही. पण येणारा प्रत्येक जण तो वाचतो आणि तोंड धुऊनच माझ्यासमोर येतो.

आत्ता, या घडीला, रांगेत एक बाई उभी आहे. तिच्या बोटाला धरून चार-पाच वर्षांची पोर आहे. “परतवाड्याची गाडी लागली का ओ?” असं बाईनं विचारलं आणि मी आवाज ओळखला. मंजुषा आहे. कुणाच्या तरी लग्नाला निघालीय. बस भरत आलीय, वऱ्हाडी मंडळी खिडक्यांतून हाका मारताहेत.

पोर म्हणते, “आई, मले थंडी वाजून राहिली.”

बाहेर मे महिना पेटलेला आहे आणि पोरीला थंडी वाजते आहे. तिची मान पांढरी आहे. डोळ्यांचे कोपरे पांढरे आहेत. मंजुषाचं लक्ष बसकडे आहे. “ऊन लागलं माह्या बाईले,” म्हणत तिनं नळाखाली दुपट्टा धरलाय.

तुम्ही, जे कुणी माझं हे ऐकत असाल ते, हात जोडून सांगतो. पडदा बघू नका. तो आत्ता निळा होईल आणि मी गप्प बसेन. पुढे व्हा आणि त्या लेकराच्या मानेला हात लावून पाहा. तुमच्या हाताला कळेल. मंजुषानं दुपट्टा पिळलाय, पोरीच्या डोक्याला बांधलाय आणि तिला कडेवर घेऊन ती माझ्याकडे येते आहे.